तीन दिवसांची रजा

दि. ४ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

नमस्कार. मी बरी आहे. तू आणि भावजी बरे असाल, लेकीची परीक्षा जवळ आली असेल. एवढं लिहून मी दहा मिनिटं पेन तोंडात धरून बसले होते. फोनवर हे फार सोपं जातं. फोन भावजी उचलतात, "ती जरा कामात आहे" म्हणतात, मी "असू दे, सहजच केला होता" म्हणते आणि आम्ही दोघंही सुटतो. तीन वर्षं तू किती कामात असतेस ताई! म्हणून म्हटलं, पत्र टाकावं. फार तर तू ते न वाचता ठेवून देशील.

बातमी अशी, की आमची लॅब बंद झाली. अकरा वर्षं ज्या टेबलापाशी बसून मी लोकांच्या कवळ्या केल्या, ते टेबल मागच्या महिन्यात भंगारवाला घेऊन गेला. मालकांचं वय झालं, बारीक दिसेना. शिवाय आता दातसुद्धा यंत्रातून छापून येतात, त्यामुळे डॉक्टर लोक तिकडेच काम पाठवायला लागले. शेवटच्या दिवशी मालकांनी मला माझी मेण कोरायची सुरी कागदात गुंडाळून दिली आणि दोन वाक्यं बोलले. ती आज लिहीत नाही.

तर काल एका मोठ्या लॅबमध्ये इंटरव्ह्यूला गेले होते. बाहेरच्या खोलीत आणखी चौघं होती, सगळी पंचविशीतली. मला बघून त्यांतल्या एकीने उठून खुर्ची दिली. झालं, तिथेच माझं वय ठरलं.

आत तिघं होते. एक मॅनेजर, एक कुणी मोठे साहेब, ते सगळा वेळ मोबाइलमध्येच होते, आणि माणसं नेमायचं काम बघणाऱ्या एक चष्मेवाल्या बाई. आधी त्यांनी मला मेण आणि दात दिले आणि समोरचे सहा बसवून दाखवा म्हणाले. हातांना इंटरव्ह्यू वगैरे कळत नाही, त्यांना मेण कळतं. मॅनेजर वाकून म्हणाले, "हा एक दात किंचित वाकडा झालाय."

म्हटलं, "झाला नाही, केलाय. सत्तरीच्या माणसाचे दात प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या वर्गासारखे सरळ असले, तर ते खोटे आहेत हे रस्त्यावरच्या माणसालाही कळतं. खोटं खपवायचं तर त्यात थोडा वाकडेपणा घालावाच लागतो."

साहेबांनी पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर काढली आणि हसले. मला वाटलं, जिंकलं.

मग चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचंय का आम्हाला?"

ताई, अशा वेळी काय विचारायचं असतं ते मला ठाऊक होतं. कामाची वेळ काय, नवीन यंत्र शिकायला मिळेल का, असलं काही. मी विचारलं, "आजारपणाची रजा वर्षाला किती मिळते? पहिल्या दिवसापासून मिळते, की सहा महिने थांबावं लागतं? आणि कंपनीचा आरोग्य विमा आधीपासून असलेल्या आजाराला लागू होतो का?"

मॅनेजरनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "बाई, अजून कामाला लागला नाहीत आणि आजारी कधी पडायचं ते ठरवताय? बाजारात तुरी..." पुढची म्हण त्यांनी पुरी केली नाही, पण साहेब पुन्हा हसले. पहिल्यासारखं नाही, वेगळं.

चष्मेवाल्या बाई माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "हे आधी विचारायचं नसतं हो. नेमणुकीचं पत्र हातात आलं की मग विचारायचं." वाईट नव्हत्या. मी मान डोलावली आणि चार मजले चालत उतरले.

तुला वाटेल, हिने का विचारलं. सहजच गं. त्रेचाळिसाव्या वर्षी माणसाला असले प्रश्न सुचतात.

खोली आहे तशीच आहे. खिडकीसमोर इमारत झाली, त्यामुळे सकाळी अकरालाही दिवा लावावा लागतो. हल्ली दिवसभर घरीच असल्यामुळे दिवसात एकदा तरी बोलणं व्हावं म्हणून मी वाण्याकडे रोज एकच वस्तू आणायला जाते. काल मीठ आणलं, आज काड्यापेटी.

उत्तर पाठव असं म्हणत नाही. पाठवलंस तर आवडेल.

तुझी बहीण


दि. १९ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. 'रजेचं का विचारलंस? खरं सांग.' पाच शब्द. अक्षर तेच, 'र'ला लांब शेपूट. मी ते कार्ड दिवसभर घरात बरोबर घेऊन फिरले. ओट्यावर, गादीवर, बाथरूमबाहेरच्या स्टुलावर.

आधी सोपी बातमी. ती नोकरी गेली, म्हणजे आलीच नाही. 'आपली निवड होऊ शकली नाही' असा निरोप आला. प्रश्नामुळे की वयामुळे, देव जाणे.

आता तू विचारलंस ते.

मला पाच वर्षं आजार आहे. पोटाचा. डॉक्टरांनी समजावलं ते असं, की माझ्या शरीराला माझंच आतडं परकं वाटतं आणि ते त्याच्याशी भांडत बसतं. बरं होत नाही, पण दाबून ठेवता येतं. त्यासाठी दर आठ आठवड्यांनी हॉस्पिटलात जाऊन चार तास सलाईनमधून औषध घ्यायचं. मधूनच ते भडकलं की आठ-दहा दिवस उठवत नाही. आई म्हणायची ना, हिचं पोट म्हणजे रुसलेली सासू आहे, कशाने बिनसेल सांगता येत नाही. आई थट्टेत बोलायची, पण निदान बरोबर होतं.

सांगितलं का नाही, म्हणशील. डोकेदुखी चारचौघांत मिरवता येते, छातीत दुखलं तर लोक धावत येतात. दिवसातून पंधरा वेळा संडासला जावं लागतं आणि रक्त पडतं, हे कुणाला सांगायचं? लॅबमध्ये मी 'पित्त झालंय' म्हणायचे. पाच वर्षांत एवढं पित्त कुणाला झालं नसेल.

औषध फार महाग आहे, ते लॅबच्या विम्यातून व्हायचं. म्हणून नोकरीला मी मांजरीसारखी नखं रुतवून होते. आणि म्हणून इंटरव्ह्यूत रजेचं आणि विम्याचं विचारलं. सहज नाही विचारलं.

त्या सलाईनच्या वॉर्डात दहा खाटा आहेत. प्रत्येक खाटेशेजारी सोबतच्या माणसासाठी एक खुर्ची असते. पहिल्या वेळी नर्सने विचारलं, "तुमच्याबरोबर कोण आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "खाली चहा प्यायला गेलेत." तेव्हापासून पाच वर्षं माझा माणूस खाली चहाच पितोय. मी खुर्चीवर पर्स ठेवते, वर ओढणी टाकते, म्हणजे जागा धरून ठेवल्यासारखी वाटते. नर्सला आता सगळं कळलंय. ती विचारत नाही. जाता-येता ओढणी सरळ करून जाते.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे तू बोलत नाहीस.

आईचं शेवटचं दुखणं चालू असताना तू फोन केलास. तू म्हणालीस, "आता फार तर आठवडा. कवळी तोंडात ठेवत नाही, त्यामुळे बोललेलं काही कळत नाही, पण तुला हाक मारते ते कळतं. ये." आणि मी म्हटलं, "रजा मिळत नाही गं."

ताई, तो फोन मी हॉस्पिटलच्या खाटेवरून घेतला होता. पोट भडकून मला दाखल केलं होतं, तिसरा दिवस होता, हाताला रक्ताची बाटली लावलेली. तू तिकडे एकटी आईचं सगळं करत होतीस, कूस बदलण्यापासून चमच्याने पाणी पाजण्यापर्यंत. त्यात तुझ्यापुढे आणखी एक आजारी माणूस कसं ठेवू? म्हणून जे पहिलं तोंडात आलं ते सांगितलं. सगळं आटोपल्यावर पंधरा दिवसांनी मी आले, तेव्हा तू पाण्याचा तांब्या पुढे ठेवलास आणि म्हणालीस, "तुझी नोकरी तुला लखलाभ." आणि आत गेलीस. मी तेव्हा सांगू शकले असते. पण तुझा राग एवढा खरा होता, की त्याच्यापुढे माझं दुखणं बहाण्यासारखं दिसलं असतं.

हे असं आहे. माझ्यावर दया करू नकोस, ती मला पचत नाही, आणि मला आधीच खूप गोष्टी पचत नाहीत. राग ओसरला तर बघ.

तुझी,
धाकटी


दि. १२ मार्च, बुधवार

प्रिय ताई,

रविवारी सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी उशांचे अभ्रे धूत होते. स्क्रीनवर 'ताई' दिसलं, आणि मला आधी वाटलं भावजीच असणार, काहीतरी वाईट झालं असणार. मग तुझा आवाज आला. तू रडत होतीस. "वेडे, मी काय काय बोलले तुला, आणि तू तिकडे बाटल्या लावून पडली होतीस. मला माफ कर." तू माझी माफी मागितलीस, ताई. तू. लहानपणी माझी पाटी फोडून, वर मलाच धपाटा घालणारी.

मी "असं नको बोलूस" म्हणत राहिले. आपण चाळीस मिनिटं बोललो. लेकीने मला फोनवर तिची कविता म्हणून दाखवली. फोन ठेवल्यावर मी ओला अभ्रा हातात घेऊन बराच वेळ मोरीपाशी उभी होते. तीन वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि इतकी लाजही वाटली नव्हती.

कारण तुला लिहिलं ते सगळं खरं आहे, पण पुरं नाही. माझा धंदाच तो. वाकडा दात नेमका कुठे घालायचा ते मला कळतं.

आईच्या दुखण्यात तुझा फोन आला तो सोमवार होता. बुधवारी सकाळी मला हॉस्पिटलातून घरी सोडलं. आई गेली शनिवारी संध्याकाळी.

मध्ये तीन दिवस होते.

डॉक्टरांना मी विचारलं होतं, सहा तासांचा प्रवास झेपेल का. ते म्हणाले, "जपून गेलात तर जा. कुणाला तरी बरोबर घ्या." माझ्याकडे कपड्यांची पिशवी भरलेलीच होती, हॉस्पिटलची. तीच उचलून बसस्टँडवर जायचं होतं. मी घरी आले, गादीवर बसले आणि गुरुवारी सकाळी नऊला लॅबमध्ये जाऊन माझ्या टेबलापाशी बसले. त्या तीन दिवसांत मी दोन वरच्या आणि एक खालची कवळी पुरी केली. कुणाच्या होत्या ते सांगू शकते अजून.

मी मालकांकडे रजा मागितलीच नव्हती, ताई. तुला 'मिळत नाही' म्हणाले, पण मी मागितलीच नव्हती. आजारपणाच्या रजा संपल्या होत्या हे खरं. आणखी मागितली तर ते म्हणतील, रोजचंच झालंय हिचं, हिला काढून टाका, मग विमा गेला, मग औषध गेलं, असं सगळं मी मनातल्या मनात त्यांच्या वतीने बोलून घेतलं. त्यांना एका शब्दाने विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी सुरी देताना मालक जे बोलले ते हे: "तुझी आई गेल्याचं तू मला चार दिवसांनी सांगितलंस. आधी बोलली असतीस तर मी तुला स्वतः बसमध्ये बसवून दिलं असतं. मी काय राक्षस होतो का गं?" मी मान खाली घालून म्हटलं, नाही. त्यांना ते फार लागलं होतं. तीन वर्षं मनात ठेवलं होतं त्यांनी.

आणि आता याच्याही तळाशी आहे ते लिहिते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. मला भीती नोकरीची होती, पण तेवढीच नव्हती. मला आईला तसं बघायचं नव्हतं. बिनदातांची, बोळकं तोंड, माझ्या नावाची हाक जुळवणारी. मी रोज असल्या तोंडांचे ठसे हातात घेते, मला एकाचीही भीती वाटत नाही. तिच्या तोंडाची वाटली. रजा मिळत नाही असं म्हटल्यावर मला जे वाटलं, त्यात एक कण सुटकेचा होता. तू रोज बघत होतीस, आणि मी दुसऱ्यांचे दात घासून चकचकीत करत बसले.

तू मला तीन वर्षं जो दोष दिलास, तो थोडा पत्ता चुकलेला होता, एवढंच. माणूस बरोबर होतं. म्हणून रविवारची माफी मी ठेवून घेऊ शकत नाही. परत पाठवते आहे.

पण पत्र इथे संपत नाही. परवा, सोमवारी, दुसरा इंटरव्ह्यू झाला.

छोटीशी लॅब आहे, एका दवाखान्याच्या मागे, तीन टेबलं. मालकीणबाई साठीच्या पुढच्या. स्वतः प्लास्टर कालवत होत्या, कोपरापर्यंत पांढऱ्या. हात धुवायलाही उठल्या नाहीत. म्हणाल्या, "बसा. काम नंतर बघते. आधी तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा."

चष्मेवाल्या बाईंचा सल्ला मला तोंडपाठ होता. तरी मी सांगून टाकलं. "मला पोटाचा आजार आहे. दर आठ आठवड्यांनी एक दिवस हॉस्पिटलात जातो. मधून कधी आठवडाभर मी येऊ शकत नाही. आजारपणाची रजा किती, आणि विमा आहे का, ते आधी विचारते. म्हणजे तुमचा वेळ जायला नको."

बाई प्लास्टर कालवायच्या थांबल्या नाहीत, ते घट्ट झालं असतं. साच्यात ओतलं, ठोकून बुडबुडे काढले, मग बोलल्या. "वर्षाला दहा दिवस पगारी. पुढे बिनपगारी, पण जागा जात नाही. विमा आहे, पण आधीच्या आजाराला दोन वर्षांनी लागू होतो. तोवर काय कराल?"

"सरकारी हॉस्पिटलात आता ते औषध मिळायला लागलंय. मंगळवारी. सकाळी सहापासून रांग लावावी लागते."

"मग मंगळवारी रांग लावा, रविवारी येऊन भरून काढा. माझी एकच अट. मला सांगून जायचं. पित्त झालंय, पाहुणे आलेत, असलं मला चालत नाही. तीस वर्षं ऐकतेय मी."

मला हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदम, फार वाईट दिसलं असणार. बाईंनी माझं काम बघितलं, हूं म्हणाल्या आणि सतरा तारखेपासून या म्हणाल्या. मी उठले. दारापर्यंत गेले. परत फिरले.

म्हटलं, "बाई, मला पहिल्याच आठवड्यात तीन दिवस रजा हवी आहे. वीस, एकवीस, बावीस."

"हॉस्पिटल?"

"नाही. गावी जायचंय, बहिणीकडे. आई गेली माझी."

बाईंनी हातातलं खाली ठेवलं. "अरेरे. कधी?"

मी म्हटलं, "तीन वर्षं झाली."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या मॅनेजरसारखं काहीतरी बोलतील. पण त्या भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या, पेन्सिल घेतली आणि त्या तीन तारखांना रेघ मारली. पांढरा अंगठा उमटला कॅलेंडरवर. म्हणाल्या, "जा. बिनपगारी धरीन."

रजा मागितल्यावर मिळायला एवढाच वेळ लागला, ताई. एक मिनिटसुद्धा नाही.

वीस तारखेला दुपारी मी तुझ्या दारात असेन. हे वाचून तुला माझं तोंड बघावंसं वाटलं नाही तर तसं कळव, तरी मी येईन, बाहेरच्या ओट्यावर बसेन आणि संध्याकाळच्या बसने परत फिरेन. आत घेतलंस तर मला फक्त ते शेवटचे तीन दिवस सांग. गुरुवारपासून सुरू कर. आईने काय घेतलं, कोणत्या कुशीवर होती, मला हाक मारली तेव्हा तू तिला काय सांगत होतीस. काही गाळू नकोस, माझी कीव करून मऊ करू नकोस. मी ऐकायला येतेय.

जिने रजा मागितलीच नव्हती, ती
तुझी धाकटी